सॅल्मनचा सामाईक सातबारा

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी ही या भागाची लेखी प्रत. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं', 'म्हणजे' आणि खोकला काढून टाकलाय.

विषय मासेमारीचा आहे, पण सुरुवात एका शब्दाने करतो. सामाईक. गावाकडे ज्यांची जमीन आहे त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक आंबा. आणि जिथे सामाईक तिथे भांडण, बहुतेक वेळा तालुक्याच्या कोर्टात. कारण कागदावर 'सामाईक' एवढंच लिहिलेलं असतं. पाणी कोणी किती दिवस घ्यायचं, आंबा कोणी उतरवायचा, ते लिहिलेलं नसतं. आजोबांच्या वेळी ते लिहायची गरजच वाटलेली नसते.

आज ज्या नदीची गोष्ट सांगणार आहे, तिच्याही कागदावर असाच एक शब्द होता. त्याचा अर्थ लागायला १२० वर्षं लागली.

नदीचं नाव प्युॲलप. स्पेलिंग बघून तुम्ही 'पुयाल्लुप' म्हणाल आणि तिथली माणसं हसतील. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे (राजधानी वॉशिंग्टन नव्हे, ती दुसऱ्या टोकाला), तिथे सिॲटलच्या दक्षिणेला टॅकोमा शहर आहे. माउंट रेनियर नावाचा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी आहे, त्याच्या हिमनद्यांतून ही नदी निघते आणि टॅकोमाजवळ समुद्राला मिळते. हिमनदी खडक दळत येते, त्यामुळे पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं. पहिल्यांदा बघितलं की वाटतं, यात मासा काय दिसणार आणि त्याला तरी आपला गळ कसा दिसणार!

माझा मावसभाऊ त्या बाजूला नोकरी करतो. त्याच्याकडे गेलो होतो ते साल विषम होतं. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण पिंक सॅल्मन नावाच्या जातीचं आयुष्य बरोब्बर दोन वर्षांचं असतं आणि या भागातल्या नद्यांत ते विषम सालीच झुंडीने येतात. सम साली अगदी नावाला. जन्म नदीत, मोठं होणं समुद्रात, आणि अंडी घालायला परत त्याच नदीत. अंडी घातली की मरण. मध्येच एक खुलासा: आपल्याकडे हॉटेलच्या मेनूवर रावसला 'इंडियन सॅल्मन' लिहितात ना, त्या रावसचा आणि याचा काहीही संबंध नाही. ते कूळच वेगळं.

मी कोकणातला. लहानपणापासून गरवायला जायची सवय, त्यामुळे हा प्रकार बघायचाच होता. शनिवारी पोचलो, म्हटलं उद्या सकाळीच जाऊ. तर भाऊ म्हणाला, "दादा, उद्या नाही जमणार. रविवारी नदीचा खालचा भाग आपल्याला बंद असतो."

"का रे? रविवारी तर लोक जास्त येत असतील."

"उद्या ट्राइबची जाळी लागतात. तो दिवस त्यांचा."

ट्राइब म्हणजे प्युॲलप जमात. नदीला नाव तिच्यावरूनच. आपण परदेशात पाहुणे, नियम पाळायचे, विषय संपला असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी नदीवर गेलो तेव्हा कळलं की तिथल्या लोकांसाठी तो संपलेला नाही.

आधी लायसन्स. परदेशी माणसालाही लागतं, आणि सॅल्मन पकडायचा तर सोबत एक कार्ड मिळतं. मासा ठेवायचा असेल तर पकडल्याबरोबर तिथेच, शाईच्या पेनने, त्या कार्डावर नोंद करायची. घरी जाऊन लिहितो म्हटलेलं चालत नाही. गळाला जे उलटं टोक असतं, ज्याने मासा सुटत नाही, ते नको. मासा तोंडात लागला नाही, पाठीत किंवा परात अडकला, तर सोडून द्यायचा. कोहो आणि चिनूक या जातींचा मासा लागला तर त्याच्या पाठीवर शेपटीजवळचं छोटं पर बघायचं. कापलेलं असेल तर तो सरकारी हॅचरीत वाढवलेला, शाबूत असेल तर जंगली, आणि जंगली बहुतेक ठिकाणी सोडावा लागतो. मावसभावाने हे सगळं गाडीत पाठ करून घेतलं माझ्याकडून, दहावीच्या तोंडी परीक्षेसारखं.

काठावर पुरापासून बचावासाठी मोठाले दगड रचलेत, त्यावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी. गणपतीच्या रांगेत असतात तशी. गंमत म्हणजे नदीत शिरल्यावर सॅल्मन खाणंच बंद करतो. मग गळाला का लागतो? चिडून, असं म्हणतात. शिशाच्या डोक्याचं, पिसाचं गुलाबी आमिष टाकायचं आणि काठीला हलके झटके देत ओढायचं. कोणाला लागला की तो ओरडतो, 'फिश ऑन!' आणि शेजारच्या चार जणांनी मुकाट्याने आपापली दोरी गुंडाळायची. ही शिस्त मला आवडली. मला दोन लागले. एक परात अडकला होता, सोडला. दुसरा दोनेक किलोचा असेल, तो कार्डावर चढला.

शेजारी साठीचा एक गोरा गृहस्थ उभा होता. दोरी कशी टाकायची तेही त्यानेच दाखवलं. छान माणूस. बोलता बोलता म्हणाला, रविवारी आलास तर काही मिळायचं नाही, इंडियन लोक अर्धा मासा घेऊन जातात. मी आणि मावसभाऊ एकमेकांकडे बघायला लागलो. दोन इंडियन त्याच्या शेजारीच उभे होते की! त्यालाही ते लक्षात आलं आणि तो खळखळून हसला. मग म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदावर आज कोणी नदी बंद ठेवतं का?

प्रश्न वाईट नाही. तर तो कागद बघू.

साल १८५४. वॉशिंग्टन तेव्हा राज्य नव्हतं, केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश होता. आयझॅक स्टीव्हन्स त्याचा पहिला गव्हर्नर. गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी होती आणि स्टीव्हन्सला घाई होती. डिसेंबरच्या २६ तारखेला, निस्क्वाली नदीच्या मुखाजवळ मेडिसिन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी निस्क्वाली, प्युॲलप आणि आसपासच्या जमातींच्या पुढाऱ्यांकडून करारावर फुल्या घेतल्या. सुमारे २२ लाख एकर जमीन गेली. बदल्यात राहायला जमिनीचे तीन लहान तुकडे आणि ३२,५०० डॉलर, तेही २० वर्षांत हप्त्याहप्त्याने.

पण एक कलम जमातींनी सोडलं नाही. नेहमीच्या, वहिवाटीच्या जागी मासे धरण्याचा हक्क आमचाच राहील. करारात तो लिहिला गेला, आणि पुढे तीन इंग्रजी शब्द जोडले गेले. त्यांचा अर्थ असा की हा हक्क 'प्रदेशातल्या सर्व नागरिकांसोबत सामाईक' असेल.

आता हे त्या लोकांना कोणत्या भाषेत सांगितलं ते ऐका. जमातींच्या भाषेत नाही, इंग्रजीतही नाही. चिनूक जार्गन नावाची एक बाजारबोली होती, काही शे शब्दांची, घोंगड्या आणि कातड्यांचे सौदे करायला पुरेल एवढी. बेंजामिन शॉ नावाचा दुभाषी इंग्रजीतून त्या बोलीत सांगणार, आणि मग ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी ते आपापल्या भाषेत नेणार. आपल्याकडचा एखादा खरेदीखताचा कागद फक्त भाजीबाजारात लागतात तेवढ्या शब्दांत कोणाला समजावून बघा. 'सामाईक' हा कायद्याचा शब्द तिथे पोचलाच कसा असेल?

निस्क्वालींच्या वाट्याला आलेली जमीन नदीपासून लांब, खडकाळ. त्यांचा पुढारी लेशाय लढला. युद्ध झालं. त्याला १८५८ मध्ये फाशी दिलं. (२००४ मध्ये एका ऐतिहासिक न्यायपीठाने त्याला निर्दोष ठरवलं. १४६ वर्षं.) युद्धामुळे एक मात्र झालं, निस्क्वालींना नदीकाठची जमीन मिळाली. तीही टिकली नाही. पहिल्या महायुद्धात लष्करी तळासाठी त्यातला दोन तृतीयांश भाग काढून घेतला.

हे सगळं होईपर्यंत सॅल्मन डब्यात गेला होता. १८७७ मध्ये प्युजेट साउंडवर, म्हणजे जमिनीत खोल घुसलेल्या तिथल्या समुद्रात, पहिला डबाबंदीचा कारखाना निघाला. पुढे मोठमोठे सापळे, मग यांत्रिक बोटी. इथे भूगोल समजून घ्या, कारण सगळं भांडण त्यात आहे. सॅल्मन समुद्रातून नदीकडे येतो. म्हणजे आधी खोल पाण्यातल्या बोटी, मग खाडीतल्या बोटी, मग काठावरचे हौशी गळवाले, आणि नदीत जाळं लावून बसलेली जमात सगळ्यात शेवटी. मासा कमी व्हायला लागला तेव्हा राज्य सरकारने मासा वाचवायचा म्हणून नियम कोणावर लावले? रांगेतल्या शेवटच्या माणसावर. नदीत जाळं लावायला बंदी. पुढे समुद्रात बोटी चालूच. सरकारचा युक्तिवाद असा की सामाईक म्हणजे सगळ्यांना एकच नियम, तुम्हाला वेगळी वागणूक कशाला? कागदावर समान, प्रत्यक्षात एकाच्या ताटातलं काढलेलं.

आता बिली फ्रँक ज्युनियर. निस्क्वाली जमातीचा, जन्म १९३१. वडिलांची मूळ जमीन लष्कराने घेतली होती, तेव्हा त्यांनी नदीकाठी सुमारे सहा एकराचा तुकडा विकत घेतला, त्याला फ्रँक्स लँडिंग म्हणतात. १९४५ च्या डिसेंबरमध्ये, १४ वर्षांचा असताना बिलीला पहिल्यांदा अटक झाली. गुन्हा? आपल्या घराखालच्या नदीत जाळं लावून मासे धरले. पुढच्या ३० वर्षांत त्याला ५० हून जास्त वेळा अटक झाली. होड्या जप्त, जाळी जप्त, आणि मासेसुद्धा.

१९६४ पासून हे उघड आंदोलन झालं. दक्षिणेत कृष्णवर्णीय विद्यार्थी हॉटेलांत 'सिट-इन' करत होते, इथे 'फिश-इन' सुरू झालं. म्हणजे पत्रकारांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर जाळं टाकायचं. २ मार्च १९६४ ला याच प्युॲलप नदीवर मार्लन ब्रँडोने जमातीच्या बाजूने मासेमारी केली. हो, तोच, पुढे 'गॉडफादर' झालेला. त्याच्यासोबत एक पाद्री होता. दोघांना धरलं, पण लगेच सोडून दिलं, आरोपही ठेवला नाही. इंटरनेटवर हा विषय शोधला की पहिला ब्रँडोच दिसतो. माझं मत विचाराल तर ब्रँडोने कॅमेरे आणले, पण चित्र फिरलं ते सहा वर्षांनी.

९ सप्टेंबर १९७०. टॅकोमात प्युॲलप नदीच्या काठी, रेल्वेच्या पुलाखाली जमातीच्या लोकांनी तळ ठोकला होता. पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्या घेऊन तो उधळला, साठेक जणांना धरलं. केंद्र सरकारचा तिथला वकील स्टॅन पिटकिन हे बघायला हजर होता. नऊ दिवसांनी त्याने अमेरिकेच्या सरकारतर्फे वॉशिंग्टन राज्यावरच दावा ठोकला. करार राज्याने केला नव्हता, केंद्राने केला होता, तेव्हा तो पाळला जातो की नाही हे बघणं केंद्राचं काम. इतकी साधी गोष्ट.

खटला गेला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्यापुढे. जमातींना आशा वाटावी असा हा माणूस नव्हता. आयझेनहॉवरने नेमलेला, पुराणमतवादी, त्याच वर्षी युद्धविरोधी आंदोलकांना कोर्टाच्या अवमानाखाली तुरुंगात पाठवलेला. पण बोल्ट यांनी कागद वाचले. म्हातारी माणसं साक्षीला आली, आजा-पणजांकडून ऐकलेली जाळ्यांची ठिकाणं सांगून गेली. बार्बरा लेन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १८५४ मध्ये काय बोललं गेलं असेल आणि ऐकणाऱ्यांना काय कळलं असेल, हे जुन्या नोंदींतून उभं केलं. मला या खटल्याच्या खऱ्या हिरॉइन त्याच वाटतात, आणि त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

अमेरिकी कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: असा करार जमातींना जसा समजला असेल तसा वाचायचा. आणि १९०५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीच म्हटलं होतं की करारातून आदिवासींना हक्क दिले गेलेले नाहीत, त्यांनी हक्क दिले आणि जे दिले नाहीत ते त्यांच्याकडेच राहिले. या वाक्यावर जरा थांबा. काठावरचा तो गृहस्थ म्हणत होता, 'ते अर्धा घेऊन जातात.' कराराच्या बाजूने बघितलं तर मासा सगळा त्यांचा होता आणि त्यांनी इतरांना सोबत घेतलं.

१२ फेब्रुवारी १९७४ ला निकाल आला. सामाईक म्हणजे निम्मं. अंडी घालायला लागणारे मासे आधी बाजूला ठेवायचे, आणि उरलेल्यातला, म्हणजे धरता येण्याजोग्या माशांतला ५० टक्के वाटा जमातींचा. तोपर्यंत त्यांच्या हाती ५ टक्क्यांहूनही कमी मासा लागत होता. शिवाय नियम ठरवताना जमाती राज्याच्या बरोबरीने बसणार.

भडका उडाला. बोल्ट यांचे पुतळे फासावर लटकवले. गाड्यांवर स्टिकर लागले, 'कॅन जज बोल्ट'. इंग्रजीत 'कॅन' म्हणजे डब्यात भरणं आणि 'कॅन' म्हणजे हाकलणं पण. सॅल्मनच्या गावाला शोभेल असा विनोद, पण त्यामागचा राग खरा होता. ज्यांनी कर्ज काढून बोटी घेतल्या होत्या त्यांचा निम्मा धंदा एका सकाळी गेला, आणि करार मोडला होता तो त्यांनी एकट्यांनी नव्हे, सरकारने. हे मला या गोष्टीतलं सगळ्यात अवघड वाटतं. किती तरी बोटवाले बंदी मोडून मासे धरत राहिले, राज्याची यंत्रणा निकाल राबवेना, शेवटी केंद्रीय कोर्टालाच मासेमारीचा कारभार हातात घ्यावा लागला. २ जुलै १९७९ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी बोल्ट यांचा निकाल मुळात कायम केला.

तेव्हापासून दर वर्षी राज्याचे अधिकारी आणि जमातींचे प्रतिनिधी एकत्र बसून कुठल्या नदीत किती मासा, कोणते दिवस कोणाचे, हे ठरवतात. मला गाडीत पाठ करून घेतलेला रविवारचा नियम त्या टेबलावरून आलेला होता. पन्नास वेळा अटक झालेला बिली फ्रँक जमातींच्या मत्स्य आयोगाचा ३० वर्षांहून जास्त काळ अध्यक्ष होता. ज्यांनी त्याला धरलं त्या खात्याच्या वरिष्ठांशी तो आता बरोबरीने बोलत होता. २०१४ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी निस्क्वालीच्या मुखाजवळच्या अभयारण्याला त्याचं नाव दिलं. ज्या ओढ्याकाठी फुल्या घेतल्या होत्या, तो त्याच परिसरात आहे.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण अर्धा वाटा मिळाला आणि मासाच आटायला लागला. प्युजेट साउंडचा चिनूक सॅल्मन १९९९ मध्ये सरकारी यादीत 'धोक्यात' म्हणून गेला. धरणं, तोडलेली जंगलं, नदीला घातलेले बांध. आणि रस्त्यांखालचे पाइप. ओढ्यावरून रस्ता नेताना खाली पाइप टाकतात ना, तो जरा उंच बसला किंवा पाणी फार जोरात जायला लागलं की सॅल्मन वर चढूच शकत नाही. समुद्रातून शेकडो किलोमीटर येतो आणि एका पाइपाशी अडतो.

जमाती २००१ मध्ये पुन्हा कोर्टात गेल्या. मुद्दा सरळ होता: निम्मा वाटा दिला म्हणता, आणि मासा यायची वाटच बंद करता? २०१३ मध्ये कोर्टाने राज्याला असे शेकडो पाइप २०३० पर्यंत दुरुस्त करायला सांगितले. राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये तिथे ४ विरुद्ध ४ अशी बरोबरी झाली, म्हणून खालचा निकाल टिकला. नववे न्यायाधीश केनेडी बाजूला राहिले होते, कारण ते अनेक वर्षांपूर्वी खालच्या कोर्टात असताना याच खटल्याच्या एका टप्प्यात सहभागी होते. १९७० चा खटला न्यायाधीशांपेक्षा जास्त टिकलाय!

आणि पाइप दुरुस्त झाले तरी एक नवीन गोष्ट आहे. पाऊस पडला की शहरी ओढ्यांतला कोहो सॅल्मन अंडी घालायच्या आधीच तडफडून मरायचा. का ते बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२० मध्ये टॅकोमा, सिॲटल आणि प्युॲलपच्या संशोधकांनी ते शोधून काढलं. गाडीचे टायर लवकर फुटू नयेत म्हणून रबरात एक रसायन घालतात. टायर झिजतो, ते रसायन हवेतल्या ओझोनने बदलतं, पावसाने रस्त्यावरून ओढ्यात जातं आणि कोहोला काही तासांत मारतं. आम्हीही नदीवर गाडीनेच गेलो होतो, आणि काठावर उभे असलेले सगळेच.

पिंक सॅल्मन मात्र या विषाला बराच दाद देत नाही असं दिसतं. विषम साली प्युॲलपच्या त्या राखाडी पाण्यात तो अजून येतो, आणि त्याची वाटणी ठरवणारी बैठक अजून दर वर्षी होते.